इंजिन परतले, कारागिरांचे काय?

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद पाहण्यासाठी मी निवृत्तीनंतर तीनदा गेलो आहे. शासकीय सेवेत असताना इतिहासाची पदव्युत्तर पदवी सेवापुस्तकातील एका नोंदीपुरती उरली होती. तिचे काही देणे फेडावे, एवढाच या खेपांमागचा हेतू. तिसऱ्या खेपेस दुपारच्या सुटीत बाहेर सावलीत डबा घेऊन बसलो असता शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. फोनवरचे माझे मराठी बोलणे त्यांच्या कानी पडले होते. राजवाड्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी ते एक. तमिळ शेजारी या मंडळींना ‘रायर’ म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता, आणि मधूनच एखादा असा शब्द येई, जो मी केवळ जुन्या कागदांत वाचला होता.

त्यांची सारी नोकरी तिरुचिरापल्लीजवळच्या पोन्मलै येथील रेल्वे कारखान्यात गेली होती. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव गोल्डन रॉक पडले आणि रेल्वेच्या कागदोपत्री आजही तेच आहे. काकांचे काम बॉयलर विभागातले. हे कळताच मला राहवले नाही. चेन्नईत पुन्हा धावू लागलेले १८५५ सालचे ‘एक्स्प्रेस’ हे वाफेचे इंजिन पाहायला मी कसा गेलो, गर्दी किती होती, शिटी ऐकून माझ्याच वयाची माणसे कशी लहान मुलांसारखी हरखली, हे सगळे मी त्यांना उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “छान. पण स्टे-बोल्ट कोणी वाजवून पाहिले?”

या प्रश्नाचा अर्थ समजायला मला थोडा वेळ लागला. तो समजल्यापासून जुन्या इंजिनांच्या पुनरागमनाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

हातोडीचा नाद

वाफेच्या इंजिनाचा बॉयलर बाहेरून एक साधे लोखंडी पिंप वाटते. त्याच्या मागच्या भागात मात्र पेटीत पेटी असते. आतल्या पेटीत आग, दोन पेट्यांच्या भिंतींमध्ये पाणी. पाण्याची वाफ झाली की तिचा दाब या दोन भिंतींना एकमेकींपासून दूर लोटू पाहतो. भिंती जागेवर राहतात त्या शेकडो आखूड दांड्यांमुळे. हेच स्टे-बोल्ट. यांतला एखादा आतल्या आत तुटला, तर बाहेरून सहसा काही दिसत नाही. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो, मग तेही तुटू लागतात. म्हणून बॉयलरचा कारागीर प्रत्येक दांडीच्या टोकावर हातोडीने हलकेच ठोकतो आणि ऐकतो. धड दांडीचा नाद एक, तुटलेलीचा दुसरा. काकांनी आधी माझ्या रिकाम्या डब्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, मग भरलेल्यावर. “इतका फरक कळायला दोन वर्षे लागतात,” ते म्हणाले, “आणि याच्याहून बारीक फरक कळायला दहा.”

आज अल्ट्रासाऊंडसारखी तपासणीची साधने आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत. परंतु कोणत्या दांडीवर संशय घ्यावा, कोणत्या नळीचे तोंड पुन्हा फुगवून बसवावे, पाण्यातील क्षार कुठे साचतात, थंड बॉयलर घाईने तापवला तर कोणता सांधा आधी रडतो, हे यंत्र सांगत नाही. ते माणसाला ठाऊक असते, आणि माणसाला ते दुसऱ्या माणसाकडूनच कळते.

१८५५

‘एक्स्प्रेस’ आणि त्याचे प्रसिद्ध भावंड ‘फेअरी क्वीन’ ही दोन्ही इंजिने इंग्लंडमधील लीड्स शहरात किटसन, थॉम्सन अँड हेविटसन या कंपनीने १८५५ मध्ये बांधली. ईस्ट इंडियन रेल्वेसाठी ती कलकत्त्याला आली. हावडा ते राणीगंज मार्गावर ‘फेअरी क्वीन’ने टपालाच्या हलक्या गाड्या ओढल्या. १९०९ च्या सुमारास ही इंजिने कामातून निघाली. त्यानंतर ‘फेअरी क्वीन’ अनेक वर्षे हावड्याला नुसते उभे होते. १९४३ मध्ये ते चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. १९९७ मध्ये दुरुस्त होऊन ते दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांची गाडी ओढू लागले आणि जगातील सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले. ‘एक्स्प्रेस’ला पुन्हा चालते करण्याचे श्रेय चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याचे. शंभर वर्षांहून अधिक काळ निपचित पडलेले हे इंजिन २०१० मध्ये पुन्हा रुळांवर आले.

तंजावूरच्या राजवाड्यात बसून १८५५ हे साल उच्चारले की दुसरेच काही आठवते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तंजावूरचे अखेरचे मराठा राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर राजवाडा, जडजवाहीर आणि खासगी चीजवस्तूही ताब्यात घेतल्या. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. सार्वभौम सत्तेच्या अशा कृतीची तपासणी न्यायालय करू शकत नाही, हे तत्त्व सांगणारा हा निवाडा कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात.

दोन वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपट्टणमहून निघालेला ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वेचा लोहमार्ग तंजावूरला पोहोचला आणि पुढच्या वर्षी तिरुचिरापल्लीला. १८७४ मध्ये ही कंपनी साउथ इंडियन रेल्वेत विलीन झाली. तिचा नागपट्टणमचा कारखाना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोन्मलैला हलवला गेला. कामगारांची घरे त्याच्याबरोबर हलली, आणि काही काळाने काकांचे घराणे राजदरबाराच्या कारकुनीतून बॉयलरच्या हातोडीकडे वळले. राज्य गेले तरी लिहिता-वाचता येणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या या लोकांना नवे धनी मिळाले; कोणी महसुलात गेले, कोणी रेल्वेत.

राजवाड्यातील एक गोष्ट मात्र टिकली. ग्रंथालय. सरफोजी दुसरे यांनी वाढवलेला हा संग्रह १८५५ नंतर धूळ खात संपला असता तर नवल नव्हते. पण त्याला वाचणारे मिळत राहिले. ए. सी. बर्नेल यांनी १८८० च्या सुमारास तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची छापली. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. पंडित नेमले गेले, ग्रंथ संपादित होऊन छापले गेले. वस्तू टिकते ती तिचा उपयोग जाणणारी माणसे टिकतात म्हणून. तंजावूरने मला हे शिकवले आणि काकांनी तेच इंजिनाच्या भाषेत सांगितले.

माझी सही

येथे एक कबुली देणे भाग आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी नवखा अधिकारी असताना एका जिल्ह्यात माझ्याकडे निर्लेखनाची एक नस्ती आली. एका सरकारी गोदामाच्या आवारात वाफेचा एक रोलर वर्षानुवर्षे उभा होता. रस्ते दाबण्याचे काम डिझेलच्या रोलरांकडे गेल्याला बराच काळ लोटला होता. जडवस्तू संग्रह नोंदवहीत तो होता, वापरात नव्हता, जागा अडवीत होता. नियमाप्रमाणे समिती बसली, वजनावर किंमत ठरली, लिलाव झाला. मी सही केली. त्या सहीत बेकायदा काही नव्हते.

ज्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक आला, त्या दिवशी गोदामातला एक म्हातारा चालक आवारात येऊन उभा राहिला. त्याने विरोध केला नाही, अर्ज दिला नाही. कापणी सुरू होण्यापूर्वी त्याने एका फडक्याने रोलरवरची पितळी पाटी पुसली, एवढेच. मला तेव्हा ते हळवेपण वाटले. आज मनाला लागते ते वेगळे. त्या रोलरला पुन्हा वाफेवर आणू शकणारा जिल्ह्यातला बहुधा शेवटचा माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि माझ्या नस्तीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता. नोंदवहीत वजन होते, खरेदीचे वर्ष होते, घसारा होता. ज्ञान कोणत्याही रकान्यात बसत नव्हते, म्हणून ते निर्लेखित झाल्याची नोंदही कुठे झाली नाही.

चालणारे इंजिन कारागीर घडवते

कौशल्य कसे टिकते, याचे उत्तम उदाहरण पोन्मलैच आहे. मेट्टुपाळयम ते उदगमंडलम ही ४६ किलोमीटरची निलगिरी पर्वतीय रेल्वे १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. २००५ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. दर बारा मीटरला एक मीटर अशा चढावर इंजिन दातेरी पट्टीला धरून चढते. तिची जुनी इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील. ती म्हातारी झाली, तेव्हा रेल्वेने ती शोभेला मांडून मार्ग बंद केला नाही. पोन्मलैच्या कारखान्याने २०११ पासून तेलावर चालणारी नवी वाफेची इंजिने बांधली, आणि पुढे कोळशावर चालणारेही. एकविसाव्या शतकात सरकारी कारखान्यात वाफेचे नवे इंजिन बांधले जाते, ही अभिमानाची गोष्ट आहे. ते शक्य झाले कारण ती गाडी नित्याची आहे. नित्याच्या गाडीला दुरुस्ती लागते, दुरुस्तीला माणसे लागतात, आणि माणसे असली की त्यांच्या हाताखाली नवी तयार होतात.

याउलट वर्षातून एक-दोनदा, ध्वजवंदनाच्या मुहूर्तावर धावणाऱ्या इंजिनाभोवती फुलांच्या माळा असतात, पण कारागिरांची पुढची पिढी तयार होत नाही. आमच्या महाराष्ट्रात १९०७ पासून धावणाऱ्या नेरळ-माथेरान गाडीची वाफेची इंजिने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात निवृत्त झाली. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’ला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन ओढत होते. त्या इंजिनांच्या आठवणी भरपूर आहेत. ती हाताळणारे हात आज कुठे आहेत, हे कोणी विचारीत नाही.

वेळ मोजण्यासाठी आणखी दोन खुणा पुरेत. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बाहेर पडले. त्याचे नावच ‘अंतिम सितारा’. ब्रॉडगेजवरील नियमित वाफेच्या गाड्या १९९५ च्या डिसेंबरात संपल्या. म्हणजे त्या दिवशी पंचविशीत असलेला फायरमनही आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहे. शिकवू शकणाऱ्यांची संख्या दरवर्षी निसर्गनियमाने घटते आहे. हा प्रश्न पुढच्या पंचवार्षिकावर टाकता येण्याजोगा नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप रास्त आहे. ज्या देशात उपनगरी गाड्यांच्या दारांना लोंबकळून माणसे कामाला जातात, तेथे दीडशे वर्षांच्या इंजिनावर खर्च का? शिवाय कोळशाचा धूर, गर्दीच्या मार्गावर संथ गाडीसाठी वेळ काढण्याची अडचण, आणि वरच्या विजेच्या तारांमुळे इंजिनाच्या कोळसापेटीवर चढताना असणारा धोका. हे सर्व खरे आहे. म्हणूनच वाफेची गाडी मुख्य मार्गावर हौसेखातर रेटू नये. तिच्यासाठी शाखामार्ग, डोंगरी मार्ग, ठरावीक हंगाम आणि ठरावीक वार निवडावेत. आणि मुळात इंजिनांची संख्या कमी ठेवावी. चार इंजिने नीट चालवणे हे चाळीस इंजिने रंगवून स्थानकाबाहेर उभी करण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राचा. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातमध्ये एकता नगर ते अहमदाबाद अशी एक वारसा गाडी सुरू झाली. तिच्या इंजिनाचे रूप वाफेचे, ओढणारी शक्ती विजेची. ‘हायड्रोजन फॉर हेरिटेज’ या योजनेत वारसा आणि डोंगरी मार्गांवर ३५ हायड्रोजन गाड्यांचा विचार मांडला गेला. अंदाज प्रत्येक गाडीला ८० कोटी रुपये आणि प्रत्येक मार्गाच्या सुविधांना ७० कोटी. प्रदूषण कमी करण्याचा हेतू स्तुत्य आहे आणि प्रवाशाला आनंद मिळत असेल तर विजेवरच्या रूपालाही माझा विरोध नाही. मात्र त्या गाडीला तिच्या खऱ्या नावाने ओळखावे. रूप जपणे आणि विद्या जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्यासाठी केलेला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर दाखवता येत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा: एकदा दुरुस्त केले की झाले. ब्रिटनमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चा अनुभव याच्या उलट आहे. १९२३ मध्ये बांधलेल्या या इंजिनाची २००६ मध्ये सुरू झालेली दुरुस्ती दहा वर्षे चालली आणि खर्च सुमारे ४२ लाख पौंडांवर गेला. २०१६ मध्ये ते परतले तेव्हा रुळांच्या कडेला माणसांच्या रांगा लागल्या होत्या. आणि शताब्दीपूर्वी, २०२२ मध्ये, त्याला पुन्हा कारखान्यात जावे लागले. यात अपयश काही नाही. बॉयलरचे आयुष्य असेच असते. ठरावीक वर्षांनी तो उतरवून, उघडून, तपासावाच लागतो. तिकडे हे जमते कारण वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली तेव्हापासून तरुणांना हाताखाली घेण्याची परंपरा त्या देशात रुजली. तरीही कुशल बॉयलर-कारागिरांची चणचण तेथेही जाणवते. आपण तर शिकवणीचा वर्गच अजून नीट उघडलेला नाही.

मोडीचा धडा

कौशल्य विसरण्याची किंमत किती पडते, हे महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. मोडी लिपी गेल्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली, तेव्हा तिचे कोणाला फारसे वाईट वाटले नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे हवी झाली. कागद सरकारचे, कपाटे सरकारची, किल्ल्या सरकारच्या. वाचणारे मात्र शोधावे लागले. पुराभिलेख विभागाने वर्षानुवर्षे चालवलेले मोडीचे वर्ग आणि काही हौशी अभ्यासक, यांनीच तेव्हा राज्याची लाज राखली.

तंजावूरच्या ग्रंथालयातही मराठा राजवटीच्या दप्तरांचे तेराशेहून अधिक गठ्ठे मोडीत आहेत. त्यांतील काही तमिळमध्ये उतरले आहेत. बाकीचे वाट पाहत आहेत. बॉयलर आणि दप्तर यांची अवस्था सारखीच आहे. दोन्ही जपून ठेवता येतात, दोन्हींची सुंदर छायाचित्रे काढता येतात. पण वाचणारा नसेल तर दप्तर मुके, आणि ऐकणारा नसेल तर बॉयलर धोकादायक.

काय करता येईल

प्रशासकाच्या सवयीने मी चार सूचना करतो. त्यांतील एकही खर्चिक नाही.

पहिली, पुनरुज्जीवनाच्या प्रत्येक मंजुरीसोबत पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच आदेशात असावी. ती नसेल तर इंजिन चालते करण्याची घोषणा करू नये.

दुसरी, पोन्मलै, पेरांबूर, रेवाडी आणि डोंगरी रेल्वेचे कारखाने यांत वाफेच्या बॉयलरचे काम शिकणाऱ्या शिकाऊ उमेदवारांच्या काही जागा कायम असाव्यात. प्रत्येक निवृत्त कारागिरामागे दोन तरुण. मानधन द्यावे, आणि शिकवलेले चित्रफितीवर व कागदावर नोंदवावे. तरुणांना पुढे काय, हा प्रश्नही गैरलागू आहे. साखर कारखान्यांपासून वीज केंद्रांपर्यंत बॉयलर जाणणाऱ्यांना काम आहे.

तिसरी, वारसा गाड्यांचे वर्षभराचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे. लोकांचा उत्साह खरा आहे. त्याला तारीख आणि तिकीट हवे. नियमित तिकीटविक्रीतून देखभालीचा थोडा तरी भार उचलला जाईल, आणि मुख्य म्हणजे इंजिन चालत राहील.

चौथी, निर्लेखनाच्या प्रस्तावात एक नवा रकाना असावा: ‘ही वस्तू चालवू किंवा दुरुस्त करू शकणाऱ्या व्यक्ती आणि त्यांच्या माहितीची नोंद झाली आहे काय?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर लिलाव सहा महिने थांबावा. सहा महिन्यांत एका माणसाचे बोलणे लिहून घेता येते. माझ्या नस्तीत हा रकाना असता, तर रोलर कदाचित तरीही गेला असता. त्या चालकाला जे ठाऊक होते, ते मात्र उरले असते.

सुटी संपली आणि ग्रंथालय पुन्हा उघडले. उठता उठता मी काकांना विचारले, की निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आपली हातोडी आठवण म्हणून जवळ ठेवली का. ते हसले. हातोडी सरकारी होती, म्हणाले. भांडारात जमा करून पावती घेतली. पावती अजून घरी आहे.

“आणि कान?” मी विचारले.

“ते कोणी जमा करून घेतले नाहीत,” ते म्हणाले. “मागायला आले असते, तर दिले असते.”

पोन्मलै तेथून जेमतेम पन्नास किलोमीटर आहे.